वाळत घातलेल्या बेटकुळ्या

भाद्रपदातल्या एका ओलसर सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत आलो, तर समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर स्पायडरमॅन उलटा लटकलेला. उलटं लटकणं हा त्याचा स्वभावच. पण या खेपेला त्याचे दोन्ही पाय प्लॅस्टिकच्या चिमट्यांत अडकवलेले होते, एका अंगाला परकर होता, दुसऱ्या अंगाला उशीचे दोन अभ्रे, आणि त्याच्या छातीतून खालच्या तुळशीवर थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. एवढ्यात समोरच्या आजी बाहेर आल्या. त्यांनी आधी परकर चाचपला, मग अभ्रे चाचपले आणि शेवटी त्या महाबलाढ्य वीराचा उजवा दंड दोन्ही हातांत धरून गोमूत्रात बुडवलेल्या फडक्यासारखा पिळला. अर्धा पेला पाणी निघालं.

"दोन दिवस झाले, भाऊ," माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या. "बाकी सगळा वाळलाय. बेटकुळ्या काही वाळत नाहीत."

प्रकरण असं होतं की, त्यांच्या नातवाच्या मामानं त्याला हा पोशाख आणून दिला होता. आतून छातीला, दंडांना, पोटाला स्पंजचे उंचवटे लावलेले. म्हणजे अंगात घातला की बरगड्या मोजता येणारं पोरगं क्षणात तालमीतून आल्यासारखं दिसावं. सोसायटीच्या गणपतीत वेशभूषा स्पर्धा होती. रंगीत तालीम म्हणून चिरंजीवांनी कंपाउंडच्या भिंतीवरून झेप घेतली ती थेट पार्किंगपुढच्या डबक्यात. कोळ्याचं जाळं ऐन वेळी निघालं नाही. पोशाख धुतला गेला, आणि तेव्हापासून स्पंज जे पाणी धरून बसला ते बसलाच. ऊन पडेना, स्पर्धा तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळवर आली. जगातल्या कुठल्याही खलनायकाला साधलं नव्हतं ते नाशकातल्या भुरभुर पावसानं साधलं होतं.

तसं पाहिलं तर इंदिरानगरात स्पायडरमॅनचं काही खरं नाही. त्याचं सगळं शास्त्र मॅनहॅटनच्या उंचीवर बेतलेलं. एका गगनचुंबी इमारतीला धागा चिकटवायचा, झोका घ्यायचा, झोक्याच्या टोकाला दुसरी इमारत हजर. आमच्याकडे खाली पार्किंग आणि वर तीन-चार मजले. धागा चिकटवायचा तर गच्चीवरच्या काळ्या पाण्याच्या टाकीला, नाही तर केबलच्या तारांच्या त्या जुडग्याला, जे आधीच कोळिष्टकासारखं दिसतं. रथचक्र चौकातून त्यानं झोका घेतलाच तर मधल्या गुलमोहरापाशीच त्याचे तळवे रस्त्याला टेकतील. आणि हायवेखालच्या बोगद्याशी संध्याकाळी सातला पोचला, तर मुकाट उतरून, स्कूटरींच्या मधून अंग चोरत, चालतच पलीकडे जाईल. गुप्त ओळखीचं म्हणाल, तर वॉचमनला ती पहिल्या रात्री कळेल, दूधवाल्याला दुसऱ्या पहाटे, आणि इस्त्रीवाला आठवड्याच्या हिशेबात ती सरळ लिहूनच देईल : शर्ट चार, पँट तीन, स्पायडरमॅन एक.

बिचाऱ्याचा जन्मसुद्धा असाच, कुणाच्या फारशा भरवशाविना झालेला. ऑगस्ट १९६२चा 'अमेझिंग फँटसी'चा पंधरावा अंक. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको. ली पुढे रंगवून सांगत की, प्रकाशक मार्टिन गुडमन यांना ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. कोळ्याची लोकांना किळस येते; पोरसवदा मुलगा हा फार तर नायकाचा मदतनीस शोभतो; आणि महानायकाला कसल्या आल्यात घरच्या विवंचना? पण मासिकच बंद पडायला निघालेलं. निघायच्या गाडीत कुणी फुकटात बसलं तर कंडक्टर जसा काणाडोळा करतो, तसं या पोराला शेवटच्या अंकात बसवून घेण्यात आलं. चष्मा लावणारा, वर्गातल्या दांडगटांचा मार खाणारा, आईबाप नसलेला पीटर पार्कर. शाळकरी वय, हातात भिंती चढण्याचं बळ, आणि खिशात मात्र दमडी नाही.

मग तो गावोगाव फिरला आणि प्रत्येक गावच्या शिंप्यानं त्याला उसवून आपल्या मापानं पुन्हा शिवलं. १९७८ साली जपानी दूरचित्रवाणीवर तो आला तेव्हा त्याच्या दिमतीला एक भलामोठा यंत्रमानव होता. जपान्यांना वीर म्हटला की पाठीशी एवढं लटांबर हवंच. मूळ कथेत पोरगं हुशार म्हणून जाळं फेकायचं यंत्र स्वतः बनवतं. २००२च्या हॉलिवूडपटात ते यंत्र गेलं आणि जाळं थेट मनगटातूनच निघू लागलं, घामासारखं. नट बदलले, पोशाखाचा निळा कमीजास्त गडद झाला, प्रेयस्या बदलल्या. पण बहुतेक अवतारांत एक स्वयंपाकघर मात्र शिल्लक राहिलं, आणि त्यात वाट पाहणारी एक बाई.

२००४ साली हा गडी आपल्याकडे आला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी चार अंकांत त्याची भारतीय आवृत्ती काढली. मुलगा खेड्यातला, शिष्यवृत्तीवर मुंबईला शिकायला आलेला. त्याच्या कपड्यांना हसणारी शहरी पोरं. मीरा जैन नावाची एकटीच त्याच्याशी नीट बोलणारी. किरणोत्सारी कोळी चावण्याऐवजी एक योगी त्याला शक्ती देतो, हिरव्या गॉब्लिनचा इथे राक्षस होतो, आणि वर तोच लाल मुखवटा, खाली चक्क धोतर! मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं नाही, काळजी वाटली. सोळा मजल्यांवरून उडी घेणाऱ्या मुलानं कासोटा किती घट्ट मारायचा, हे त्याला कुणी शिकवलं असेल का?

त्याचं नाव पवित्र प्रभाकर. पार्करला जवळ जाईल असं काहीतरी शोधताना हे सापडलं असणार. पण मराठी कानाला त्यात एक मौज आहे. पवित्र हे आमच्याकडे गंगाजल असतं, पंचा असतो, नातं असतं; मुलाला हाक मारायला ते सहसा कुणी वापरत नाही. शेवटी एक काना दिला तर 'पवित्रा' होतो, म्हणजे लढणाऱ्याची उभं राहण्याची ढब, आणि तो या पोराला जास्त शोभला असता. राहिला प्रभाकर. आमच्या रिवाजात मुलाच्या नावापुढे बापाचं नाव येतं आणि मग आडनाव. त्यामुळे 'पवित्र प्रभाकर' म्हटलं की ऐकणारा श्वास रोखून थांबतो. प्रभाकररावांचा मुलगा, हे कळलं. पण कुठले प्रभाकरराव? येवल्याचे की सिन्नरचे? रेल्वेत होते ते? अख्खी चार अंकांची मालिका संपते, राक्षस हरतो, मुंबई वाचते, आणि आडनाव काही कळत नाही.

एका ठिकाणी मात्र त्यांच्या हाताला सोनं लागलं. मूळच्या आंट मेची त्यांनी केली माया, आणि अंकल बेनचा भीम. माया! इंग्रजीत 'आंट' म्हणून मोकळं होता येतं. आत्या, मावशी, मामी, काकू सगळ्या एकाच पिशवीत. मराठीत तशी सोय नाही. बेन हा पीटरच्या वडिलांचा भाऊ, म्हणजे काका; म्हणून मे ही काकूच ठरते, दुसरं काही होऊच शकत नाही. आणि मराठीनं काकूवर तसा अन्यायच केलाय. माय मरो पण मावशी जगो, असं मावशीचं कौतुक. आत्यानं बारशाला नाव ठेवायचं, मामीनं भाच्याला तूप वाढायचं. काकूला म्हणींनी उपाशीच ठेवलंय. उलट आढेवेढे घेण्याला आपण 'का-कू करणं' म्हणतो. त्यातला 'कू' तिचा नाही, हे ठाऊक असूनही मला त्या शब्दाचा लहानपणी राग यायचा, कारण माझ्या काकूनं काही एक का-कू न करता मला घरात घेतलं होतं.

मी निफाड तालुक्यातल्या एका खेड्यातून पाचवीला नाशकात आलो. पत्र्याची पेटी, त्यात दोन पट्ट्यापट्ट्यांचे पायजमे, आणि आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी. माझे आईवडील सुखरूप होते; फक्त गावातली शाळा चौथीला संपत होती. तेव्हा महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत असा एक पीटर पार्कर असायचाच : शिकायला ठेवलेला पुतण्या, भाचा, मेव्हण्याचा मुलगा. जेवताना भिंतीकडच्या कडेला बसणारा, अभ्यासाला स्वयंपाकघरातला दिवा वापरणारा, दळण आणणारा. त्याच्यावर कुणी चित्रकथा काढली नाही, कारण त्यात नवल ते काय? काकानं तेव्हाच्या इंदिरानगरात, सगळ्या नातेवाइकांनी "एवढ्या लांब गावाबाहेर?" म्हणून नाकं मुरडलेल्या जागी, तीन खोल्या बांधल्या होत्या. रात्री कोल्हे ओरडायचे. वर्गातली पोरं माझ्या पायजम्याला हसायची, आणि मी शाळेतून घरी येईपर्यंत त्यांना कल्पनेत एकेक करून शाळेच्या कौलांवर टांगून ठेवायचो.

पुतण्यांच्या काकांना अशा गोष्टींत मरण्याआधी एखादं अजरामर वाक्य बोलायला मिळतं, आणि पोराचं आयुष्य बदलतं. माझ्या काकाला ती संधी मिळाली नाही. तो सत्त्याऐंशी वर्षं जगला आणि रोज एकच वाक्य बोलला : "बाहेर पडताना दिवा मालव." तेही अजरामरच म्हणायचं, मी आजही हॉटेलातल्या खोलीतून निघालो की परत फिरून बटण पाहून येतो. काकू तर बोलायचीच नाही. उशिरा आलो तर कुठे होतास असं विचारायची नाही. तव्यावर पोळी परत टाकल्याचा आवाज यायचा फक्त. मेकाकू, मायाकाकू, माझी काकू. पोरगं रात्री कुठून तरी खरचटून येतं, शर्ट फाटलेला असतो, ते काहीतरी थाप मारतं, आणि तिला ती पटल्यासारखी दाखवावी लागते.

सातवीत मी मारुती झालो होतो. गॅदरिंगला वेशभूषा होती, आणि काकाचं म्हणणं, "मारुती आपल्या जिल्ह्यातला. अंजनेरीचा. त्र्यंबकच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला दिसतोच डोंगर." अंजनेरीच्या पोरानं फळ समजून सूर्याला तोंड घातलं तेव्हा त्याचं वय पार्करहूनही कितीतरी कमी होतं, हे मला आज सुचतं. तेव्हा प्रश्न शेपटीचा होता. काकूनं तार वाकवली, तिच्यावर जुन्या पातळाची खोळ चढवली, आणि आत त्याच पातळाच्या चिंध्या ठासून भरल्या. शेपटी अशी झोकदार उभी राहिली की परीक्षकांनी तिलाच टाळ्या दिल्या. मला दुसरा नंबर मिळाला. मला तर वाटतं, शेपटीला पहिला होता.

पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. थंडीत आम्ही इंदिरानगरवाले सकाळी तिकडे चालत जातो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी त्यांच्या नाशिकच्या कंपनीतून १९१९ साली 'कालियामर्दन' काढला. नागाशी झुंजणारा पोरवयाचा वीर पडद्यावर आणायचा, तर आणायचा कुठून? त्यांनी घरातलीच मुलगी उचलली. मंदाकिनी, सातेक वर्षांची. चित्रपटाच्या आरंभी ती नुसती मुलगी म्हणून दिसते, चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव करून दाखवते, आणि मग पाहता पाहता कृष्ण होते. किती प्रामाणिक बाप! आधीच सांगून टाकलं, ही आमची मंदा, आता ती देव होणार आहे, सांभाळून घ्या. गुप्त ओळख वगैरे भानगडच नाही. मुखवट्याआडचा मुलगा कोण, याच्यावर साठ वर्षं पानं भरणाऱ्या अमेरिकेला हे नाशिकचं उत्तर चार दशकं आधीच देऊन झालं होतं.

आमच्या पिढीला अर्थात कृष्णापेक्षा बनेश फेणे जवळचा. भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा काटकुळा पोरगा मला सार्वजनिक वाचनालयात भेटला, आणि त्याच्याकडे सायकल आणि 'ट्टॉक' यांपलीकडे कसलीही शक्ती नव्हती, याचा मला फार आधार वाटायचा. पुढे दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला, २०१७च्या चित्रपटात अमेय वाघ. त्या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांच्या रूपानं खुद्द भागवतच त्याच्या मदतीला आले, तेव्हा थिएटरात मला उगाच भरून आलं. फेणेही मोठा झाला होता. त्याच्या अंगाला मात्र स्पंज लावावा असं कुणाला सुचलं नाही, हे बरं झालं.

पवित्र प्रभाकर २०२३ साली पडद्यावर आला, तेव्हा समोरच्या नातवाला घेऊन मीच गेलो होतो. स्पायडरमॅनांच्या त्या अफाट जत्रेत त्याचा तुकडा लहानसा. पण मुंबई आणि मॅनहॅटन एकमेकांत कालवून केलेलं ते 'मुंबॅटन' पाहून मी खुर्चीत सरसावून बसलो. रंग, रिक्षा, गर्दी, मजल्यांवर मजले. चित्रपट आपल्याकडे दहा भाषांत लागला होता, मराठीतसुद्धा. आम्हाला सोयीच्या वेळेचा खेळ मिळाला तो हिंदीचा. हिंदीतल्या पवित्रला आवाज शुभमन गिलचा. नातवानं तो पहिल्याच वाक्यात ओळखला, आणि त्यानंतर पवित्रनं जाळं फेकलं की आम्हा दोघांना तो चेंडू कव्हरमधून सीमेपार गेल्याचं समाधान मिळू लागलं. आता धोतराची नीटस विजार झाली होती, मनगटांत कडी आली होती, आणि मुखवट्याच्या वरून दाट केसांचं जंगल उसळलेलं. त्या केसांचं श्रेय तो खोबरेल तेलाला देतो. मी अंधारात मान डोलावली. तेल स्वतःचं स्वतः लावून असे केस होत नाहीत. रविवारी सकाळी कुणीतरी पुढ्यात बसवून, मान खाली दाबून, टाळूवर चापट्या मारत जिरवलेलं असतं ते. पडद्यावर ती बाई दिसो न दिसो.

तर त्या सकाळी मी चहा तसाच कठड्यावर ठेवला आणि समोर ओरडून म्हणालो, "आजी, टाके उसवा आणि स्पंज काढून टाका. एखादं जुनं सुती पातळ आहे का?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग काही न बोलता आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमध्ये, स्कूटरी भिंतीला लावून केलेल्या जागेत, गणपतीपुढे स्पर्धा झाली. दोन कृष्ण होते, एक टिळक, एक सावित्रीबाई, रडून मिशी पुसलेला एक मावळा, आणि भाजीची टोपली घेतलेली एक चिमुरडी, जिनं परीक्षकबाईंनाच मेथीची जुडी वीस रुपयांना विकली. आमचा वीर आला तेव्हा त्याच्या बेटकुळ्या जराशा वेड्यावाकड्या होत्या, डावी उजवीपेक्षा मोठी, पण ओल्या नव्हत्या. कमरेला आजोबांचं धोतर दुहेरी करून नेसवलेलं, कासोट्याला सेफ्टी पिना. माइकनं एकदा किंचाळून घेतलं.

"माझं नाव पवित्र प्रभाकर," तो म्हणाला.

परीक्षकबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी चष्म्यावरून पाहत अगदी मायेनं विचारलं, "आडनाव काय, बाळा?"

पोरगं गप्प. मुखवट्याच्या पांढऱ्या डोळ्यांनी त्यानं आजीकडे पाहिलं. आजींनी खुर्चीतूनच खरं नाव, आडनाव, इमारत आणि फ्लॅटचा नंबर खणखणीत आवाजात सांगून टाकला. बिचाऱ्या पीटरनं काकूपासून कित्येक दशकं जपलेलं गुपित इथे आजीच्या तोंडून तीन सेकंदांत फुटलं. मुलगा अजिबात खचला नाही. त्यानं भिंतीकडे पाठ करून उडी मारली, हात पुढे फेकले, आणि त्या ताणात उजव्या खांद्याचा टाका सुटला. फटीतून एक टोक बाहेर आलं, फिकट जांभळं, बारीक पांढऱ्या काठाचं. आजींनी पटकन पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की कशाला, ते माझ्या जागेवरून दिसलं नाही.

उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून त्याला झाकणाची पाण्याची बाटली मिळाली. पहिला नंबर मेथीला गेला.

परवा सकाळी स्पायडरमॅन पुन्हा समोरच्या दोरीवर होता, या वेळी मोदकाच्या सारणाचा डाग काढून. आभाळ तसंच होतं, भुरभुर तशीच. अकराच्या सुमारास आजी आल्या, एकेक दंड बोटांनी दाबून पाहिला, चिमटे काढले, आणि घडी घालून त्याला आत घेऊन गेल्या. सुती पातळ ते, वाळायला कितीसा वेळ. कठड्यावर ओळीनं मांडलेले स्पंजचे तुकडे मात्र अजून ठिबकत होते.